मिळून आले नाही

तालुक्याचा नकाशा तहसिलीत भिंतीवर आहे,
काचेमागे, उत्तरेची तीन गावं वाळवीनं खाल्लेली.
मला तो कधी लागला नाही.
एकतीस वर्षं मी दिवाणी कोर्टाचे समन्स वाटले.

माझा नकाशा भांडणांचा.
बरडावर भांडण धुऱ्याचं,
काळीत वाटणीचं, खालच्या तांड्यावर विहिरीच्या पाळीचं.
पांधण जिथं अरुंद होते तिथं हमखास एक दावा.
आणि सागवानाच्या पलीकडे, कोलामांच्या पोडावर,
कोणी कोणावर फिर्याद करत नाही.
तिथं वादी एकच असतो, सरकार.

कोर्ट आधी तबेला होतं.
गोरा साहेब दौऱ्यावर आला की घोडे बाहेर, खुर्ची आत.
नाझर डहाके म्हणायचे, फरक एवढाच
की घोड्यांना तारीख नव्हती.
पुढं सागाच्या तुळया आल्या, कठडा आला,
प्रांत गेला, राज्य बदललं, पुन्हा बदललं,
तांब्याचा शिक्का दर वेळी नवा.
ज्या गादीवर तो दाबायचा ती मात्र तीच,
मधोमध खोलगट झालेली.

पंचायत समिती समोर, तिच्या शेजारी ठाणं,
ठाण्यामागं भूमापन, भूमापनाच्या ओट्यावर अर्जनवीस.
अख्खं सरकार शंभर पावलांत.
माणसाला मात्र एका दारातून दुसऱ्या दारात जायला
कधी कधी सोळा वर्षं लागली.

गोदरू मोटघरे विरुद्ध उकंडा पुसनाके,
मौजा हिवरधरा.
दीड हात धुरा आणि त्यावरचं मोहाचं झाड.
समन्स घेऊन निघालो तेव्हा धरणाचं दार नुकतंच पडलं होतं.
रस्ता पाण्यात उतरला, तिथंच मी सायकल उभी केली.
डोंगेवाला म्हणाला,
"थो बगळा दिसते का? मोहाच्या शेंड्यावर बसला हाये.
त्याच्या खालती तुमचं गाव."

मी परत येऊन रीतसर लिहिलं:
सदर गाव नमूद पत्त्यावर मिळून आले नाही.
जजसाहेब चष्म्यावरून बघत राहिले.
"गाव कुठं जाईल, बेलिफ?"
मला उत्तर सुचलं नाही. रकान्यातही जागा नव्हती.

पुनर्वसनाच्या पत्र्यांमध्ये दोघं सापडले,
एका ओळीत, चार घरं सोडून.
पुढची तारीख, मग पुढची.
दोघं एकाच बसनं यायचे,
कडुलिंबाखाली एकाच फडक्यातली भाकर खायचे
आणि पुकारा झाला की दोन बाजूंना उभे राहायचे.

साहेब बदलले. नवे म्हणाले,
शेत पाण्यात, झाड पाण्यात, तडजोड करून टाका.
गोदरू गप्प. उकंडा टोपी हातात घेऊन पुढं आला.
"तडजोड केली त पुकारा बंद पडन न सायेब.
आता कोन घेते गावाचं नाव?"

खरंच होतं. मतदारयादीत ते गाव नव्हतं,
बसच्या पाटीवर नव्हतं, रेशनच्या कार्डावर नव्हतं.
महिन्या-दोन महिन्यांतून एकदा
शिपाई पुंजाराम पायरीवर येऊन घसा साफ करायचा
आणि ओरडायचा, मौजा हिवरधरा!
चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जायचं.
साहेबांनी पेन उचललं. तारीख दिली.

आधी गोदरू गेला, मग उकंडा.
वारस आले नाहीत. दावा निकाली.

आज कोर्ट बायपासवर जातंय.
तिथं पडदा आहे, त्यावर नंबर सरकतात.
पुंजाराम मागच्याच वर्षी निवृत्त झाला.
बस्ते बांधताना माझंच अक्षर हाती आलं,
शाई विटलेली, सही तेवढी ठसठशीत: मिळून आले नाही.
खाली कोणीतरी पेन्सिलीनं एक बगळा काढलेला.
कोणी, ते मी विचारलं नाही.

बस्ता ट्रकमध्ये सगळ्यांत वर ठेवला.
नाल्याच्या उताराला दोरी सैल पडते,
म्हणून त्यावर हात ठेवून बसलो.